वळिवड्याचा कॅम्प, परमिटचा कागद आणि सरकारची उत्तरं

नेहमीसारखाच हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, जिथं अडखळलो तेवढं काढलंय. एसटीत नेट जातं म्हणणाऱ्यांची सोय.

आजचा विषय जरा हार्ड आहे. बेकायदा घुसखोरी, सीमेवरचा बंदोबस्त, आणि त्यावरून टीका झाली की सरकार काय उत्तर देतं. टीव्हीवर यावरून रोज रात्री भांडण असतं, त्यात मला भर घालायची नाही. मला जुनी वही उघडायची आहे. आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. कोल्हापुरातून मिरजेकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसा. गूळ मार्केट गेलं की पुढचं स्टेशन वळिवडे. तिथं उतरायचं.

वळिवडे म्हटलं की लक्षात येणार नाही, पण गांधीनगर म्हटलं की सगळ्यांना कळतं. लग्नाचा बस्ता बांधायचाय, गांधीनगर. दुकानाला होलसेल कपडा हवाय, गांधीनगर. तर हे गांधीनगर ज्या जागेवर उभं आहे तिथं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलंडमधली सुमारे पाच हजार माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा वॉर्सॉमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुलं वाहिली. तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच धमाल उडाली होती, आठवतंय? ‘कोल्हापूरचा नाद करायचा नाय’ वगैरे.

गोष्ट खरीच अभिमानाची आहे. फक्त आपण ती अर्धी सांगतो.

उरलेली अर्धी अशी. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन तुटून पडला. पूर्व भागातली लाखो माणसं रशियानं घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानच्या छावण्यांत नेली. पुढं १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, मग रशियाला मित्र हवे झाले, आणि लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारशी करार होऊन या लोकांची सुटका झाली. ही माणसं इराणात आली. प्रश्न पडला, यांना ठेवायचं कुठं? ना देश ताब्यात, ना परतीची वाट. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी कॅम्प उघडला, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याला मोठा कॅम्प उभा राहिला. शाळा, चर्च, दवाखाना, दुकानं, नाटकं, सगळं होतं. पंचगंगेच्या काठावर एक छोटं पोलिश गावच म्हणा ना.

पण ब्रिटिश सरकारनं हे कशाच्या जोरावर केलं? दोन अटींवर. खर्च पोलिश सरकार करणार, आणि ही सोय तात्पुरती असणार. म्हणजे ‘परक्यांना आमच्या उरावर का बसवता’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं: पैसा आपला नाही, आणि लढाई संपली की ही माणसं जाणार. पुढं जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सॉतल्या नव्या, रशियाच्या बाजूच्या सरकारला मान्यता दिली. एका रात्रीत वळिवड्यातल्या माणसांचं सरकारच नाहीसं झालं. कागदावरचा देश आणि मनातला देश वेगळे झाले. मग संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेमार्फत त्यांची पांगापांग झाली: कुणी इंग्लंडला, कुणी पूर्व आफ्रिकेला, कुणी ऑस्ट्रेलियाला, काही परत पोलंडला. काही मोजक्या मुलींनी मात्र इथंच लग्न करून संसार थाटले. १९४८ च्या सुरुवातीपर्यंत कॅम्प रिकामा झाला.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत.

६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली. तोवर ‘बघू, थांबू’ म्हणणारे सिंधी हिंदू त्यानंतर जहाजं भरभरून मुंबईला यायला लागले. कल्याणच्या लष्करी छावणीत गेले, त्याचं उल्हासनगर झालं. पिंपरीला गेले. आणि काही वळिवड्याला आले, पोलिश बायकांनी सोडलेल्या बराकींत. त्याचं गांधीनगर झालं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा हा कॅम्पही नव्या राज्यात आला.

आता इथं जरा थांबा, कारण खरा विषय इथून सुरू होतो.

फाळणीनंतर पहिले कित्येक महिने भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांच्यात ये-जा करायला ना पासपोर्ट लागत होता ना व्हिसा. १९४८ च्या पूर्वार्धात एक उलटा प्रवाह सुरू झाला. दंगलीच्या भीतीनं पाकिस्तानात गेलेले मुसलमान, दिल्ली जरा शांत झाल्यावर, आपल्या घरी परत यायला लागले. घरात बघतात तर दुसरंच कुणी! लाहोर-रावळपिंडीहून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांना ती घरं दिली गेली होती. आता विचार करा, कॅम्पात ताडपत्रीखाली बसलेल्या निर्वासिताला काय वाटलं असेल. ‘आम्ही सगळं सोडून आलो, आणि तुम्ही त्यांना परत घेताय?’ ही टीका रस्त्यावर होती, वर्तमानपत्रांत होती, आणि खुद्द काँग्रेस पक्षातच होती.

सरकारनं उत्तर म्हणून काय दिलं? परमिट. १९ जुलै १९४८ पासून वटहुकूम लागू झाला: पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायचं तर भारताच्या हायकमिशनरच्या कचेरीतून परमिट आणा. भेटीला यायचं वेगळं, कायमचं परतायचं वेगळं. भारताच्या सीमेवरचा हा पहिला मोठा कागदी दरवाजा. आणि तो फक्त पश्चिमेला. पूर्व बंगालच्या बाजूनं १९५२ मध्ये पासपोर्ट पद्धत येईपर्यंत असा दरवाजा नव्हता. आज सगळी चर्चा ज्या सीमेवर चालते ती सीमा तेव्हा सरकारला तितकी अडचणीची वाटत नव्हती, हे ध्यानात ठेवा.

१९ जुलै १९४८ ही तारीखही पाठ करा. ती थेट आपल्या राज्यघटनेत आहे. कलम ६. त्या तारखेच्या आधी पाकिस्तानातून येऊन इथं राहिलेला माणूस, आई-बाप किंवा आजी-आजोबा अखंड भारतात जन्मलेले असले तर, आपोआप नागरिक. त्या तारखेनंतर आलेल्यानं अर्ज करायचा, सहा महिने राहिल्याचं दाखवायचं, अधिकाऱ्याकडं नोंदणी करायची. म्हणजे बघा, कराचीहून मे महिन्यात सुटलेल्या जहाजातला माणूस आणि ऑगस्टमध्ये सुटलेल्या जहाजातला त्याचाच सख्खा भाऊ, एक आपोआप नागरिक आणि दुसरा अर्जदार. गांधीनगरातल्या श्रोत्यांनो, घरात आजोबांची जुनी ट्रंक असेल तर बघा एकदा, त्या काळचं काही नोंदणीचं कागदपत्र सापडतंय का.

आणि कलम ७ होतं परतणाऱ्यांबद्दल. पाकिस्तानात गेलेला नागरिक नाही, पण कायमच्या परमिटवर परत आला असेल तर त्याचा विचार करायचा. या एका सवलतीवरून संविधान सभेत जी जुंपली ती तुम्ही वाचाच. ही भाषणं फोनवर फुकट वाचता येतात. १०, ११ आणि १२ ऑगस्ट १९४९, असे तीन दिवस. वेब सिरीज झक मारेल.

१० तारखेला बाबासाहेब आंबेडकरांनी कलमं मांडली. मांडतानाच सांगून टाकलं की मसुदा समितीला या कलमानं जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच कुठल्या दुसऱ्या कलमानं दिली असेल. किती मसुदे केले, किती फाडले, याचा हिशेब नाही. कायदामंत्री उघडपणे असं म्हणतो, हे मला फार आवडलं. आजकाल सरकारी विधेयक म्हटलं की ते पहिल्या दिवसापासून ऐतिहासिकच असतं.

दुसऱ्या दिवशी टीकेला उठले पंजाबराव देशमुख. हो, तेच, अमरावतीचे, शिवाजी शिक्षण संस्थेचे, पुढं केंद्रात कृषिमंत्री झालेले. विरोधी पक्षातले नव्हेत, काँग्रेसचेच. त्यांचं म्हणणं असं की तुम्ही भारताचं नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त करून ठेवताय. प्रवासात असताना योगायोगानं इथं मूल जन्मलं तरी ते नागरिक होईल की काय? आणि मग त्यांनी दुरुस्ती सुचवली: जो धर्मानं हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, तो जगात कुठंही राहत असला तरी त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. मुसलमानांना पाकिस्तान मिळालं, मग हिंदू-शिखांना जगात हक्काचं घर कुठलं, हा त्यांचा सवाल. उत्तर प्रदेशचे जसपत रॉय कपूर तर परमिटवरून परतणाऱ्यांच्या तरतुदीवर जामच भडकले होते. देश सोडून गेलेल्यानं निष्ठा बदलली, त्याला आत घ्यायचं कशाला, असा त्यांचा सूर.

१२ तारखेला नेहरू बोलले. उत्तरात तीन गोष्टी होत्या. पहिली, नियम करायचा तर सगळ्यांना एकच करावा लागतो, हिंदूंसाठी एक आणि मुसलमानांसाठी दुसरा असा कायदा करता येत नाही. दुसरी, कायमचं परमिट मिळवून परतलेले लोक संख्येनं फार थोडे आहेत आणि त्यांची चौकशी करूनच परमिट दिलं जातं. तिसरी, अनुनय हा शब्द फेकून मारला की युक्तिवाद होत नाही. सेक्युलर राज्य म्हणून आपण फार मोठे उपकार करतोय असं समजू नका, जगातले बहुतेक देश हेच करतात, असंही सुनावलं. मतदान झालं. देशमुखांची दुरुस्ती पडली.

प्रामाणिकपणे सांगतो, मला नेहरूंचं पहिलं उत्तर पटतं आणि दुसरं फारसं पटत नाही. ‘थोडेच आहेत’ हे उत्तर तात्पुरतं काम करतं. उद्या आकडा वाढला तर? मग तुमचं तत्त्वही कोसळणार का? आणि देशमुखांना थेट खलनायक करून टाकणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ते ज्या भावनेला वाचा फोडत होते ती वळिवड्याच्या बराकीत बसलेल्या माणसाची भावना होती. तिला उत्तर देणं सरकारचं कामच होतं.

पण त्या परमिटचा दुसरा जाच कुणी सांगितलाच नाही. कराचीत बहिणीला भेटायला गेलेला, आजारी पडून अडकलेला, मुंबईचा, कोकणातला, खानदेशातला मुसलमान. जाताना परमिट लागत नव्हतं, येताना लागायला लागलं. विनापरमिट आला तर गुन्हा. १९४९ च्या कायद्याच्या ७ व्या कलमात तर असं होतं की गुन्हा सिद्ध झाला नसला तरी, नुसता वाजवी संशय असला तरी, केंद्र सरकार त्या माणसाला देशाबाहेर काढू शकेल. आणि तो माणूस भारताचा नागरिक असला तरी! फेब्रुवारी १९५४ मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं नागरिकांच्या बाबतीत हे कलम घटनाबाह्य ठरवलं. नागरिकाला स्वतःच्या देशातून संशयावरून हाकलता येत नाही, हे आपल्या कोर्टाला १९५४ मध्ये सांगावं लागलं. तोवर मूळ कायदाच १९५२ मध्ये रद्द झाला होता, कारण भारत-पाकिस्तान पासपोर्ट सुरू झाले होते. म्हणजे न्याय मिळाला, पण जिथं तो लागत होता ते दुकान बंद झाल्यावर.

इथं मला जे दिसतं ते सांगतो आणि पुढं जातो. सीमेवरून सरकारवर दोन प्रकारची टीका होते. एक म्हणते, ‘दार सताड उघडं टाकलंय, परके घुसतायत.’ दुसरी म्हणते, ‘परका म्हणून तुम्ही आपल्याच माणसाला धरलंय.’ पहिल्या टीकेला सरकार मोठ्या आवाजात उत्तर देतं: कायदा करतं, आकडे देतं, मोहीम काढतं. दुसरीला मात्र उत्तर मिळतं ते एकेका माणसाला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर. पक्ष कुठलाही असो. आता पुढची उदाहरणं याच चष्म्यातून बघा, आणि पटलं नाही तर मला जरूर झापा.

मध्ये एक कायदा समजून घेऊ. परदेशी नागरिक कायदा, १९४६. म्हणजे इंग्रज असतानाचा. त्याचं ९ वं कलम म्हणतं की अमुक माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न आला तर आपण परदेशी नाही हे त्या माणसानंच सिद्ध करायचं. चोरीच्या खटल्यात पोलिसांनी सिद्ध करायचं असतं की तू चोर आहेस. इथं उलटं आहे. या मागचं लॉजिक आहे, नाही असं नाही: माणूस कुठं जन्मला ते त्यालाच ठाऊक, पोलिसाला कसं कळणार? पण ज्याच्याकडं कागद आहेत त्याला हे कलम आयुष्यात कधी भेटतच नाही. ज्याच्याकडं नाहीत, त्याला ते पहिल्याच दिवशी भेटतं.

आता चला मुंबईला. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहखातंही त्यांच्याकडं. बांगलादेशींना हाकलू हे शिवसेना-भाजपचं जुनं आश्वासन. पोलीस झोपडपट्ट्यांत छापे टाकत, लोकांना मॅजिस्ट्रेटसमोर उभं करत, आदेश घेत आणि रेल्वेनं बंगालकडं पाठवत. तिथून सीमा सुरक्षा दलामार्फत पलीकडं.

जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस असेच तीसेक लोक कुर्ला-हावडा एक्स्प्रेसनं घेऊन चालले होते. त्यांत जरीकाम करणारे कारागीर होते. हावड्याच्या अलीकडं उलुबेरिया नावाचं स्टेशन आहे. तिथं फॉरवर्ड ब्लॉकच्या आमदाराच्या पुढाकारानं जमाव जमला, गाडी अडवली आणि पोलिसांच्या ताब्यातून त्या लोकांना सोडवून नेलं. महाराष्ट्र पोलीस बघत राहिले!

दोन राज्यांत आणि मग लोकसभेत रण पेटलं. ज्योती बसूंचं बंगाल सरकार म्हणालं, तुम्ही बंगाली बोलणाऱ्या भारतीय मुसलमानांना बांगलादेशी म्हणून पाठवताय, आम्हाला विचारत नाही, कळवत नाही. महाराष्ट्राचं उत्तर: आम्ही कायद्यानं चाललोय, प्रत्येकाला कोर्टासमोर उभं केलंय, आमच्याकडं आदेश आहेत. दिल्लीत गृहमंत्री अडवाणी, म्हणजे कराचीत जन्मलेले आणि स्वतः फाळणीत आलेले सिंधी. इतिहास कधी कधी असे पत्ते पिसतो. त्यातच ऑगस्टमध्ये मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला, त्यामुळं सरकारवर चारी बाजूंनी मारा चालू होता.

‘कोर्टाचा आदेश आहे’ हे उत्तर वरवर बिनतोड वाटतं. पण विचार करा. आदेश कशावर निघाला? आपण परदेशी नाही हे त्या माणसाला दाखवता आलं नाही यावर. जन्माचा दाखला मुर्शिदाबादच्या कुठल्या तरी ग्रामपंचायतीत, माणूस मुंबईच्या लॉकअपमध्ये. तो आणणार कोण, किती दिवसांत? बंगाल सरकारचंही काही फार कौतुक करायला नको. खरे बांगलादेशी मुंबईत नव्हतेच असा दावा कुणीच जाणता माणूस करणार नाही. सीमा ४,०९६ किलोमीटरची, नद्या, चर, भातशेतं, मधूनच घराच्या परसातून जाणारी. रोजगारासाठी माणसं येत होती, दलाल आणत होते, आणि मतपेटीचा हिशेब दोन्हीकडं चालू होता. पण जमावानं पोलिसांच्या ताब्यातून माणसं सोडवणं हे काही उत्तर नव्हे, आणि भाषेवरून नागरिकत्व ओळखणं हेही नव्हे.

आणि आकड्यांचं तर विचारूच नका. जुलै २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारचे गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं: ३१ डिसेंबर २००१ रोजी देशात १ कोटी २० लाख ५३ हजार ९५० बेकायदा बांगलादेशी. शेवटचे पन्नास पण मोजले, बघा! टीकेची झोड उठली, आसाम-बंगालमधून विरोध झाला, आणि काही दिवसांतच मंत्रिमहोदय म्हणाले की हा आकडा ऐकीव माहितीवर होता, भरवशाचा नाही. पुढं नोव्हेंबर २०१६ मध्ये मोदी सरकारचे राज्यमंत्री किरेन रिजिजू यांनी संसदेत सुमारे २ कोटी असं सांगितलं. सरकारी उत्तरांत असंही वाक्य येत राहिलं की हे लोक चोरून येतात, त्यामुळं नेमकी आकडेवारी ठेवता येत नाही. यातलं हे शेवटचं उत्तर मला सगळ्यांत खरं वाटतं. पण गंमत अशी की टीका ‘तुम्ही काहीच करत नाही’ अशी असली की आकडा मोठा होतो, आणि ‘तुमच्याच काळात आले’ अशी असली की तो विरघळतो.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा आला. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना नागरिकत्वाची वाट. ऑगस्ट १९४९ मध्ये पंजाबरावांची जी दुरुस्ती पडली होती तिचा हा पणतू म्हणता येईल, जरा वेगळ्या नाकाडोळ्याचा, पण घराणं तेच. टीका झाली की धर्म बघून दार उघडता. सरकारचं उत्तर: हा नागरिकत्व देणारा कायदा आहे, काढून घेणारा नाही. उत्तर कायद्याच्या शब्दांपुरतं बरोबर आहे. टीकाकारांची भीती मात्र त्या कायद्याच्या शब्दांत नव्हतीच, ती नंतर होऊ घातलेल्या कागदतपासणीत होती. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून भांडत होते.

आता अगदी ताजं. २०२५ मध्ये १९४६ चा तो कायदा गेला आणि नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला, १ सप्टेंबरपासून लागू. सिद्ध करण्याचा भार मात्र जुनाच, त्याच माणसावर. मार्चमध्ये लोकसभेत चर्चेला उत्तर देताना अमित शाह म्हणाले की हा देश म्हणजे धर्मशाळा नाही. कुंपणाबद्दल विचारलं तर म्हणाले की ४५० किलोमीटरचं काम अडलंय कारण बंगाल सरकार जमीन देत नाही. तृणमूलवाले म्हणाले, सीमा राखणारं दल कुणाच्या हाताखाली आहे? १९९८ ला महाराष्ट्र आणि बंगाल भांडत होते, २०२५ ला दिल्ली आणि कोलकाता.

महाराष्ट्रात त्याच वर्षी गोष्ट पोचली थेट तहसील कचेरीत. मालेगावात बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिरा जन्मनोंदीचे दाखले वाटले गेले असा आरोप किरीट सोमय्यांनी केला. सरकारनं एसआयटी नेमली, तहसीलदार निलंबित झाले, आणि राज्यभर उशिराच्या जन्मनोंदीचे आदेश देणंच थांबवलं गेलं. मार्चमध्ये नवी कडक पद्धत आली. ज्यांचे दाखले वादात सापडले ते म्हणत राहिले की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आता हे तुम्हाला लांबचं वाटेल. पण चंदगड-आजऱ्याच्या वाडीत घरी बाळंतपण झालेली, नोंद न केलेली किती म्हातारी माणसं असतील? उशिराचा दाखला ही काही फक्त घुसखोरांची गरज नाही. दार बंद केलं की सगळ्यांसाठीच बंद होतं.

एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि त्यानंतर देशभर तपासणीनं जोर धरला. जूनमध्ये मुंबईजवळच्या मीरा रोड भागातून उचललेले काही बंगाली कामगार थेट सीमेपलीकडं ढकलले गेले. बंगाल सरकारनं कागद दाखवले की ही आमच्या जिल्ह्यातली माणसं आहेत, आणि त्यांना परत आणावं लागलं. पोलिसांचं उत्तर होतं की आधार आणि पॅन हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानंही एका जामिनाच्या प्रकरणात तेच म्हटलं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणून कुणी नागरिक ठरत नाही, नागरिकत्व ठरतं ते १९५५ च्या कायद्यानं. कायदा म्हणून बरोबरच आहे. पण तुमच्या फोनमधल्या डिजिलॉकरमध्ये जे काही आहे त्यातलं या कसोटीला काय उतरतं, एकदा बघा.

आणि दिल्लीहून पलीकडं पाठवलेल्या एका गरोदर बाईची केस कोलकाता हायकोर्टात गेली. ती बीरभूम जिल्ह्याची. सप्टेंबरमध्ये कोर्टानं हद्दपारी रद्द केली आणि तिला व तिच्याबरोबरच्यांना परत आणा असा आदेश दिला. केंद्र सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये तिथं सरकारनं सांगितलं की बाई आणि तिचा लहान मुलगा यांना माणुसकीच्या नात्यानं परत येऊ देतो, पण ती नागरिक आहे की नाही यावरचा आमचा मुद्दा आम्ही सोडलेला नाही. ती मालदा जिल्ह्यातून भारतात आली. दिवस भरत आले होते.